वारूळ सपाट झालं, आता अळंबी उगवेल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात घोळ नको. चोपडा तालुक्यातल्या तुमच्या वावराच्या बांधावर जुनं वारूळ होतं. त्याच्या आजूबाजूला दर पावसाळ्यात लांब दांड्याची पांढरी अळंबी यायची आणि घरचे सगळे ती खायचे. उन्हाळ्यात बांध सरळ करताना जेसीबीने वारूळ काढलं आणि यंदा अजून एकही छत्री दिसली नाही. दुसऱ्या शिवारातून आणलेली अळंबी धुतलेलं पाणी आणि तिचे बुडखे घरामागे पुरले तर तिथे उगवेल का, हा पहिला प्रश्न. केळीच्या कापलेल्या खोडांच्या ढिगावर वेगळ्याच छत्र्या आल्या आहेत, तो केळीचा रोग आहे का आणि त्या खाता येतील का, हा दुसरा.

मी जळगावकडे धिंगरी (ऑयस्टर) आणि दुधी अळंबीचं स्पॉन, म्हणजे लागवडीचं बियाणं, तयार करतो, आणि पावसाळ्यात शेतकरी पिशवीत काहीतरी घेऊन दारात उभे असतातच. जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात बियांचा विचार असतो: बी कुठून आलं, बी कसं नेऊ. अळंबीच्या बाबतीत हा प्रश्न उलटा विचारायला हवा. बी, म्हणजे बीजाणू, जवळपास सगळीकडे पोचलेलेच असतात. विचारायचं ते हे, की त्या जागी ती खाते काय. हे कळलं की तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर सापडतं.

आपण तोडतो ती छत्री हे नुसतं फळ आहे. खरा जीव म्हणजे माती, लाकूड किंवा शेणात पसरलेलं पांढऱ्या धाग्यांचं जाळं. एकेक धागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. अळंबी वनस्पती नाही. तिच्यात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे उन्हावर अन्न तयार करता येत नाही. तिच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात, किड्यांच्या कवचात असतं तेच द्रव्य, आणि नात्याने ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. पण तिला तोंड नाही, पोटही नाही. धागे पाचकरस बाहेर सोडतात, समोरचं लाकूड किंवा काड बाहेरच विरघळवतात आणि तयार रस शोषून घेतात. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन पूर्णपणे फोडू शकणारे जीव फार थोडे आहेत, आणि त्यात बुरशीचा नंबर पहिला. धिंगरी तर नायट्रोजन कमी पडला की मातीतले सूत्रकृमी, म्हणजे बारीक जंत, बधिर करून त्यांनाही खाते. शाकाहारी म्हणून ती विकणाऱ्या मला हे लोकांना सांगताना गंमत वाटते.

आता तुमच्या वारुळाकडे. पांढरी, लांब दांड्याची, टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा असलेली आणि वारुळालगतच येणारी, हे वर्णन टर्मिटोमायसीस या गटाशी जुळतं. फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रोजे एम यांनी १९४२ साली हे नाव दिलं. फोटोवरून मी जात सांगणार नाही, पण गट हाच असावा. या अळंबीची खासियत अशी की तिची शेती माणूस करत नाही, उधई (वाळवी) करते. आपल्याकडे बांधावर मातीचे उभे मनोरे करणारी उधई बहुतेक ओडोन्टोटर्मिस वंशातली. कामकरी उधई वाळका पाला, काड, लाकूड, शेण खाते आणि अर्धवट पचलेला तो चोथा वारुळाच्या पोटातल्या कप्प्यांत रचते. त्याचा राखाडी-तपकिरी, सुरकुतलेला, हातात भुगा होणारा गोळा बनतो. जुनं वारूळ फुटताना पाहिलं असेल तर हा गोळा तुम्ही पाहिला आहे, त्यावर खसखशीएवढे पांढरे दाणेही असतात. त्या चोथ्यावर बुरशी वाढते, उधईला न पचणारा भाग मऊ करते, आणि उधई तो गोळा नि ते दाणे खाते. हा व्यवहार अंदाजे तीन कोटी वर्षांपासून चालू आहे.

बुरशीला यातून काय मिळतं? आयतं दळलेलं अन्न, तेही रोज ताजं. वर आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असताना वारुळाच्या आत ओल आणि तिशीच्या आसपासचं तापमान. शिवाय इतर बुरश्यांची सतत खुरपणी, कारण उधई त्यांना वाढू देत नाही. पावसाळा लागला, माती खोलवर भिजली की काही दाणे उधईच्या तोंडून सुटतात, फुगतात आणि वर सरकू लागतात. उपटताना खाली लांबच लांब ‘मूळ’ लागतं ना, ते मूळ नाही. तो दांड्याचाच भाग, थेट त्या कप्प्यापर्यंत गेलेला, कधी हातभर तर कधी त्याहून जास्त. टोपीवरचा टोकदार उंचवटा माती फोडत वर येण्यासाठीच असतो.

म्हणून घरामागे धुवणाचं पाणी टाकून काही होणार नाही. विरजण आहे, पण दूध कुठे आहे? त्या पाण्यात बीजाणू लाखोंनी असतील, पण उधईने रचलेला कप्पा नसेल तर त्यांना खायला काही नाही. बुडखेही नुसते कुजतील. टर्मिटोमायसीसचे धागे प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढवता येतात. पण उधईशिवाय त्यातून छत्र्या काढून बाजारात नेण्याइतकं उत्पादन घेणं आजवर जमलेलं नाही. कोणी या अळंबीचं ‘बियाणं’ विकत असेल तर पैसे वाया घालवू नका.

वारूळ सपाट झालं म्हणजे सगळं संपलं का? हे परिस्थितीवर अवलंबून आहे. जमिनीवर दिसतो तो वारुळाचा वरचा भाग. राणीची खोली आणि बरेचसे कप्पे जमिनीच्या पातळीखाली असतात. जेसीबीने वरचा ढीग ओढून नेला आणि खालचं शाबूत राहिलं असेल, तर उधई पुन्हा बांधकाम सुरू करते. पहिल्या पावसानंतर त्या जागी ओल्या मातीचे ताजे पापुद्रे, काडीवर चढलेली मातीची नळी किंवा छोटे उंचवटे दिसले तर वसाहत जिवंत आहे. मग यंदा नाही तर पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत अळंबी परत यायला हरकत नाही. कामकरी उधईची संख्या कमी झाली असेल तर आधी ती पोट भरेल, घर बांधेल, छत्र्या नंतर. पण जेसीबीच्या बादलीने खोल खणून राणीच उचलली गेली असेल, किंवा नंतर तिथे उधईचं औषध ओतलं असेल, तर वसाहत मेली समजा. त्याचीही खूण असते. सोडून दिलेल्या कप्प्यांवर झायलेरिया नावाची दुसरी बुरशी ताबा घेते आणि पावसाळ्यात त्या जागी काळ्या, कडक, बोटाएवढ्या काड्या जमिनीतून वर येतात. उधई जिवंत असेपर्यंत हीच बुरशी आत दबून असते. त्या काड्या दिसल्या की तिथली आशा सोडा.

पाऊस कसा पडला हेही बघा. जळगाव जिल्ह्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही तुटक. मृगात एक झोडपणी आणि मग पंधरा दिवस उघडीप झाली तर माती वरून ओली, खाली कोरडी राहते. काळ्या जमिनीच्या भेगा मिटून आत ओल पोचायला सलग पाऊस लागतो. तुमच्या शेजारच्या शिवारात धक्का न लागलेल्या वारुळांवर यंदा आली आहे का, हे विचारा. तिथेही नसेल तर दोष जेसीबीचा नाही, पावसाचा आहे. ढग गडगडले की अळंबी फुटते असं जुने लोक म्हणतात. जपानमधल्या इवाते विद्यापीठात लाकडाच्या ओंडक्यांना विजेचे झटके देऊन शिटाके अळंबीचं उत्पादन वाढलेलं पाहिलं गेलंय, त्यामुळे मी हसून सोडत नाही. तरी आपल्या बांधावर गडगडाटापेक्षा मागोमागचा पाऊस जास्त काम करतो असं माझं मत.

‘काल काही नव्हतं आणि सकाळी पाहतो तर छत्र्या’, हेही सगळे सांगतात. धिंगरीच्या पिशवीत याचा उलगडा रोज होतो. गव्हाच्या भुशात स्पॉन भरलं की जवळजवळ तीन आठवडे पिशवी नुसती पांढरी होत जाते. मग ताजी हवा, दमटपणा, थोडा उजेड मिळाला की टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसतात, आणि तीन-चार दिवसांत तोडणी. अंकुरात पेशी बऱ्याचशा तयारच असतात, नंतर त्या पाण्याने फुगतात. छत्रीत दहातले नऊ भाग पाणीच. म्हणून पाण्याशिवाय फळ नाही, पण फळ नाही म्हणजे जीव नाही असं मात्र नाही.

ती पसरते कशी, हे तुम्ही विचारलं नाही, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. टोपीखालच्या पाकळ्यांवर बीजाणू तयार होतात. पिकल्यावर प्रत्येकाच्या बुडाशी पाण्याचा एक सूक्ष्म थेंब जमतो. तो बीजाणूवरच्या ओलीत मिसळतो त्या क्षणी बीजाणू गोफणीतून सुटल्यासारखा उडतो, पण अंतर एक मिलिमीटरही नसतं. तेवढं पुरतं: तो दोन पाकळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत येतो, खाली पडतो आणि पुढचं काम वारा करतो. या थेंबाला कॅनडात काम केलेल्या आर्थर बुलर यांचं नाव आहे. एका मोठ्या गोल पफबॉल अळंबीत सात लाख कोटी बीजाणू असल्याचा हिशेब त्यांनीच मांडला होता. एवढे असूनही जग अळंबीने भरून जात नाही, कारण बहुतेकांना योग्य अन्न मिळत नाही. ज्याला मिळतं त्यालाही साधारणपणे जोडीदार लागतो: दोन जुळणारे बीजाणू रुजून त्यांचे धागे एकत्र आले तरच छत्री धरते. जळाऊ लाकडावर येणारी केसाळ, पंख्यासारखी, वाळून पुन्हा पावसात टवटवीत होणारी बुरशी तुम्ही पाहिली असेल. तिच्यात जोडीचे वीस हजारांहून जास्त प्रकार आहेत, त्यामुळे तिला जोडीदार कुठेही सापडतो आणि ती प्रत्येक जळणाच्या ढिगावर असते.

वाऱ्याखेरीज माशा, भुंगेरे, गोगलगायी, गुरं, सगळे हातभार लावतात. शेणावर येणाऱ्या काही बुरश्यांचे बीजाणू गवताबरोबर गाईच्या पोटातून गेल्यावरच नीट रुजतात. आणि आपण स्वतःही वाहक असतोच. नर्सरीतून आणलेल्या कुंडीत अचानक लिंबासारखी पिवळी नाजूक छत्री येते, ती कोकोपीट नि खताबरोबर घरी आलेली असते.

वारुळाच्या अळंबीचा प्रसार मात्र उधईवर टांगलेला. पहिल्या पावसात दिव्याभोवती जमणारे पंखवाले किडे म्हणजे उधईचे नर-मादी. त्यातली एखादी जोडी पंख टाकून जमिनीत शिरते आणि स्वतःला कोंडून घेते. बहुतेक जातींत ही जोडी बुरशी बरोबर नेत नाही. त्यांची पहिली कामकरी पिलं चाऱ्यासाठी बाहेर पडतात, त्याच सुमारास जुन्या वारुळांवरच्या छत्र्या उघडून बीजाणू सोडत असतात. चाऱ्याबरोबर ते आत जातात आणि नव्या घरात बुरशीची शेती सुरू होते. यावरून एक व्यवहारी गोष्ट: सगळ्या कळ्या तोडू नका. पाच-सहा छत्र्या पूर्ण उघडून, कडा फाटून वाळेपर्यंत राहू द्या. उपटायची की कापायची यावर लोक वाद घालतात. स्वित्झर्लंडच्या जंगलात जवळपास तीस वर्षं दोन्ही पद्धतींची तुलना झाली. तोडण्याने पुढचं उत्पादन घटलं नाही, पायदळी तुडवल्याने मात्र छत्र्या कमी आल्या. ती जंगलातली अळंबी होती, वारुळाची नव्हे. तरी वारुळावर उभं राहून खुरप्याने खणत बसू नका, एवढं त्यातून घेता येईल.

सातपुड्याच्या जंगलात जास्त प्रकार मिळतील असं तुम्हाला वाटतं, ते अर्धंच खरं. छत्तीसगडचा बोडा, म्हणजे तिथली एक जंगली अळंबी, सालवृक्षाच्या मुळांशी भागीदारी करून वाढतो, झाडाकडून साखर घेतो आणि त्याला पाणी व क्षार देतो. आपल्या सातपुड्यात साल नाही, साग आहे. सागाच्या मुळांशीही बुरशीची भागीदारी असते, पण ती बुरशी छत्री काढतच नाही, मातीतच बीजाणू करते. म्हणून आपल्याकडे जंगलात मिळणारी अळंबी मुख्यतः उधईची, कुजक्या लाकडाची किंवा शेणाची.

आता केळीचा ढीग. कापलेल्या खोडांवर नि पानांवर आलेल्या छत्र्या मेलेला माल खातात, उभ्या पिकाला त्यांचा त्रास नाही. करपा किंवा मर रोग करणाऱ्याही बुरश्याच आहेत, पण त्या कधी छत्री काढत नाहीत. अपवाद एकच: जिवंत खोडाच्या बुडाला चिकटून बारीक छत्र्या येत असतील आणि खोड मऊ पडत असेल, तर ते कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

खायचं का? नाही. केळीच्या कचऱ्यावर खाण्याजोगी भाताच्या पेंढ्यावरची अळंबी येऊ शकते, हे खरं. तिच्या बुडाशी पिशवीसारखा कोष असतो. पण जगातल्या सर्वांत जीवघेण्या अमानिटा गटातल्या अळंबीच्या बुडाशीही तसाच कोष असतो, आणि कळीच्या अवस्थेत दोन्ही वरून सारख्याच दिसतात. अमानिटाचं विष शिजवून जात नाही. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून उशिरा उलट्या-जुलाब सुरू होतात, मग एखादा दिवस बरं वाटतं आणि तेवढ्यात यकृत निकामी होत जातं. लसूण काळी पडते का, चांदीचं नाणं काळवंडतं का, किडा खातो का, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. किडे विषारी अळंबीही मजेत खातात. शिवाय केळीवर वर्षभर फवारण्या होतात आणि अळंबी माती-कचऱ्यातलं जड धातूंसारखं बरंच काही स्वतःत साठवते.

बांधावरच्या ओळखीच्या अळंबीबाबतही एक सवय लावून घ्या. उकिरड्याजवळ, गवतात, कधी गोल रिंगण करून मोठी पांढरी, तपकिरी खवल्यांची छत्री येते, तिला क्लोरोफायलम म्हणतात. वारुळाच्या अळंबीसोबत तिची गल्लत होते. ती खाल्ली तर एक ते तीन तासांत भयंकर उलट्या. एका उघडलेल्या छत्रीचा दांडा कापा, टोपी अर्ध्या पांढऱ्या-अर्ध्या काळ्या कागदावर पाकळ्या खाली करून ठेवा, वर वाटी पालथी घाला. सकाळी बीजाणूंची रांगोळी उमटलेली असते. मळकट हिरवी आली तर ती क्लोरोफायलम, फेकून द्या. पांढरी आली तरी फेका, कारण अमानिटाची पांढरीच असते. वारुळाच्या अळंबीची फिकट गुलाबी. पण गुलाबी रंग म्हणजे परवाना नव्हे. वारुळातून आलेला लांब दांडा, टोकदार टोपी आणि तिथली वर्षांची ओळख, हे सगळं एकत्र जुळलं तरच. आणि खाल्ल्यावर कोणाला त्रास झाला तर वाट न बघता, उरलेली अळंबी पिशवीत घेऊन सरळ मोठ्या दवाखान्यात जा.

वारूळ परत यावं असं वाटत असेल तर त्या जागेवर नांगर, औषध, आग काही नको. तुरीच्या काड्या, पालापाचोळा जवळ पडू द्या. घराच्या पायाशी, रोपवाटिकेत किंवा नव्या आंब्याच्या कलमांजवळ मात्र उधई पोसू नका, तिथे तिचं नुकसान अळंबीच्या किमतीपेक्षा फार मोठं आहे. बांध आणि पडीक, एवढीच तिची जागा.

घरामागे अळंबी हवीच असेल तर हिवाळ्यात धिंगरी घ्या, गव्हाच्या भुशावर किंवा बारीक केलेल्या पऱ्हाटीवर. ती वीस ते अठ्ठावीस अंशांत चांगली येते, म्हणजे आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर दुधी अळंबी लावा, तिला तिशीच्या वरचं तापमान मानवतं, फक्त भुसा पांढरा झाल्यावर वर निर्जंतुक मातीचा थर द्यावा लागतो. पावसाळ्यात केळीच्याच वाळक्या पानांवर पेंढ्याची अळंबी घेता येते, पण विकत आणलेल्या स्पॉनने, ढिगावर आपोआप आलेल्यापासून नव्हे. ती तोडल्या दिवशीच खावी लागते, रात्रभरात पाणी सोडते. पहिल्या वेळेला दहा पिशव्यांपेक्षा जास्त भरू नका, आणि भुसा उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय भरू नका, नाहीतर आतलं सगळं अन्न हिरवी बुरशी खाईल.